पेरूसीवहिनी फोन घेते

आमची पेरूसीवहिनी लग्न होऊन घरात आली, त्या दिवशी तिने सगळ्यात आधी काय केलं असेल तर पाण्याचा माठ कलता करून तळाला गाळ किती बसलाय ते बघितलं. नवी नवरी! लग्नाच्या पोशाखाचा कंबरेचा पट्टासुद्धा अजून सोडला नव्हता. माझी आई तेव्हाच मला म्हणाली होती, "केविना, ही बाई घरात मुंगीलासुद्धा लपू द्यायची नाही." त्याला आता तीस वर्षं झाली. आई गेली, माझा भाऊ गेला, वहिनीचा संशय मात्र अजून ठणठणीत आहे.

संशय हा तिचा धंदाच आहे म्हणा ना. मसाकाकडच्या आमच्या गावात ती लोकांकडून वाळवलेली कॉफी विकत घेते. पोतं आलं की आधी मूठभर कॉफी कानाशी नेऊन खुळखुळवते. वाजली तर वाळकी, नाही वाजली तर ओली. मग एक दाणा दातात धरते, आणि मग पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचे खडे चाचपते. समोरचा माणूस म्हणतो, "अगं वहिनी, मी तुझा सख्खा चुलतदीर!" तरी तिचा हात तळाशी जायचा तो जातोच. आणि खडे निघतातही, खोटं कशाला बोलू?

तर ही बाई एका सकाळी माझ्या शिलाईमशीनसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नणंदबाई, मला फोन घ्यायचाय. बोटाने सरकवायचा."

"तुझा बटणांचा आहे की! आठ दिवस बॅटरी उतरत नाही म्हणून गावभर मिरवत होतीस ना?"

"त्यात तोंड दिसत नाही," ती म्हणाली.

तोंड कुणाचं, ते विचारायची गरज नव्हती. झालवांगो ही तिची एकुलती एक मुलगी, माझी भाची. चौदा महिन्यांपूर्वी ती आखातात घरकामाला गेली. तिने आणि नवऱ्याने घर बांधायला काढलं होतं, भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि पैसा संपला. दर रविवारी तिचा आईला फोन यायचा. "आई, मी ठीक आहे. तू जेवलीस का? कॉफीचा भाव काय?" एवढं बोलून बंद. गेले तीन महिने वहिनीच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. "इतक्या पटकन कुणी ठीक असतं का?" असं ती मला रोज विचारायची.

झालवांगोचा नवरा लुब्वामा जवळच्या न्येंडो या बाजारगावात सुतारकाम करतो. त्याच्याकडे चांगला मोठा फोन आहे आणि त्यावर तो बायकोला दर आठवड्याला बघतो. मग वहिनीने त्याच्याशेजारी बसून लेकीला बघायला काय हरकत होती? हरकत आमच्या रीतीची. सासू आणि जावई यांनी एकमेकांना तोंड दाखवायचं नाही, एका खोलीत बसायचं नाही, एकाच्या हातची वस्तू दुसऱ्याने हातात घ्यायची नाही. नियम मोडला तर ओबुको लागतो, अंगाला जन्माची थरथर सुटते. हल्लीची पोरं याला हसतात, पण हसणाऱ्यांचे जावईसुद्धा सासूला बघून केळीच्या बागेत पळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लेकीच्या लग्नापासून चार वर्षांत वहिनीने जावयाची फक्त पाठ पाहिलेली. आणि त्या दोघांच्या मध्ये मी, मुलीची आत्या. इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचं इकडे वाहून न्यायचं, हे आमच्याकडे आत्याचंच काम.

एकदा मी लुब्वामाच्या फोनवर झालवांगोला बघून आले होते. अंधाऱ्या खोलीत, डोक्यावरून ओढणी घेऊन, कुशीला वळल्यासारखी बसली होती. मी येऊन वहिनीला सांगितलं, "छान आहे गं. जरा रोडावलीय."

"नीट बघितलंस?"

"म्हणजे काय, डोळे मिटून बघितलं?"

ओल्या कॉफीकडे बघते तसं तिने माझ्याकडे बघितलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी हा फोनचा हट्ट.

फोन कोणता घ्यायचा हे लुब्वामालाच कळणार, दुसरं कोण आहे आमच्यात? पण वहिनीला त्याचाच संशय. "तो मला मुद्दाम खराब फोन देईल. पोरीचं तोंड मला धड दिसू नये असं त्याच्या मनात आहे."

"आणि का बरं असेल?"

"ते फोन घेतल्यावर कळेल."

शनिवारी आम्ही तिघं न्येंडोत सालोंगोच्या दुकानात गेलो. सालोंगो म्हणजे जुळ्यांचा बाप. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. लुब्वामा दुकानाबाहेर पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसला. वहिनी आत बाकावर, डोक्यावरून शाल पुढे ओढून. मी उंबऱ्यात, ना धड आत ना धड बाहेर.

"त्याला विचार," वहिनी म्हणाली, "यात त्याचं कमिशन किती?"

"जावईबापू, सासूबाई विचारतायत..."

"आत्या, ऐकू आलं मला," पायरीवरून आवाज आला.

"ऐकू आलं तरी मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही! सासूबाई विचारतायत, कमिशन किती?"

"त्यांना सांगा, एक शिलिंगही नाही."

"नाही म्हणतो," मी आत वळून सांगितलं.

"नाहीच म्हणणार," वहिनी म्हणाली.

सालोंगोने पहिला फोन काढला. मोठा, चकचकीत, मागे तीन-तीन कॅमेरे, आणि किंमत बघावी तर त्या मानाने फारच कमी. मी आपली भाळले. वहिनीने तो कानाशी नेला आणि खुळखुळवला! सालोंगो आ वासून बघत राहिला. मग तिने वास घेतला. मग चार्जरचं भोक उजेडाकडे धरून त्याच्या कडेवर नख फिरवलं.

"इथे घासलंय. नव्या फोनला इथे घासायला कोण गेलं होतं?"

"नाबो, परदेशातून आलेला माल आहे," सालोंगो गोडीत म्हणाला. बाईमाणसाला आम्ही आदराने असं म्हणतो. "जवळपास नवा आहे."

"जवळपास वाळलेली कॉफी मी घेत नाही."

बाहेरून लुब्वामा म्हणाला, "आत्या, त्या फोनचा पंधरा आकडी नंबर पडद्यावर आणायला सांगा आणि खोक्यावरच्या नंबरशी ताडून बघा." सालोंगोने नाइलाजाने चांदणी-चौकटीची बटणं दाबून नंबर काढला. पहिले आठ आकडे जुळले, नवव्याला गाडी रुळावरून घसरली. सालोंगो म्हणाला की खोकी बदलली असतील, पोरांचा घोळ. वहिनीने मला हळूच विचारलं, "हे त्याने सांगितलं? जावयाने?" मी हो म्हटलं. "म्हणजे फसवायच्या सगळ्या युक्त्या त्याला माहीत आहेत," ती म्हणाली. घ्या! आता या बाईपुढे डोकं आपटायचं तरी कुठे?

दुसरा फोन लहान आणि स्वस्त. लुब्वामाने बाहेरूनच नको म्हटलं. आत जागा कमी आहे, दोन महिन्यांत भरेल आणि मग एक पान उघडायला भाजी शिजायचा वेळ लागेल. तिसरा त्यानेच सांगून काढायला लावला. काळा, जाडजूड, रूप असं काही नाहीच. बॅटरी दोन दिवस चालते, दोन सिम बसतात, उन्हात पडदा दिसतो. "आणि मुख्य म्हणजे," तो म्हणाला, "याची काच इथे न्येंडोत मिळते. दुरुस्तीवाल्या चौघांकडेही आहे."

"म्हणजे तो फुटणार हे त्याला आत्ताच ठाऊक आहे!" वहिनी म्हणाली.

"अगं, फुटला तर म्हणतोय तो!"

"केविना, जो माणूस लग्नाच्या दिवशी तिरडीचा बांबू निवडून ठेवतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवू?"

पायरीवरून हसण्याचा आवाज आला आणि लगेच खोकल्यात बुडाला. मग वहिनीने मला रस्त्यापलीकडे भाजकी केळी विकणाऱ्या बाईशेजारी उभं केलं आणि फोनचा कॅमेरा माझ्यावर धरला. "हनुवटीवरचा केस दिसतो," आतून जाहीर झालं. न्येंडोचा अर्धा बाजार माझ्या हनुवटीकडे बघायला लागला. सालोंगो सांगत होता की मुलीचं तोंड किती स्पष्ट दिसेल ते मुलीच्या फोनवर असतं, या फोनवर नाही. वहिनीने ते कानाआड केलं. "माझ्या पोरीच्या तोंडावर काय आहे ते मला दिसलं पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही ठेवा," ती म्हणाली. 

पंधराच्या पंधरा आकडे तिने बोट ठेवून माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. दोन लाख नव्वद हजार शिलिंग मोजले. वर्षभराच्या हमीच्या कागदावर शिक्का उमटला तो पुसतो का म्हणून थुंकीने चोळून बघितला. मग सालोंगो म्हणाला की फोन चालू करायला खातं लागतं, ईमेल लागतो. वहिनीकडे कुठला ईमेल? लुब्वामा म्हणाला, "आत्या, इकडे आणा, तूर्त माझ्या खात्याने चालू करून देतो." दुसऱ्या कुठल्या घरात आई लेकरांशेजारी बसून बघते तरी, पोरगं काय भरतंय ते. इथे वहिनी आत शाल ओढून बसलेली, तो बाहेर पाठ करून टाइप करतोय, आणि मी मध्ये हनुवटी झाकून उभी. त्याने फोन जमिनीवर ठेवला, मी उचलला, शालीने पुसला आणि वहिनीला दिला. घाईत कुणीच काही विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या अंगणातून किंकाळी ऐकू आली. मी शिवण टाकून धावले. वहिनी कॉफी वाळवायच्या ताडपत्रीपासून दहा हात लांब उभी होती आणि कॉफीच्या ढिगाकडे बोट दाखवत होती.

"साप?"

"जावई!"

फोन कॉफीत रुतला होता. मी उचलून बघितलं तर पडद्यावर लुब्वामा, बनियनवर, अर्ध्या गालाला साबण. सकाळी वहिनीने नेट भरलं होतं. त्याच्या खात्यातले सगळे फोटो सरसर या फोनमध्ये उतरले होते. मी खाली बसून हसले. पोट धरून हसले.

"हसतेस काय! मी त्याचं तोंड बघितलं! पुढून!" ती हात समोर धरून थरथर सुटली का ते बघत होती. "पूस ते. सगळं पूस. एकही ठेवू नकोस."

ती माझ्याकडे पाठ करून चटईवर बसली आणि मी एकेक फोटो पुसायला लागले. जावई मोटरसायकलवर. पूस. जावई नव्या पलंगाशेजारी. पूस. जावई आणि बोकड. "हा बोकडासारखाच दिसतो गं," मी म्हटलं. "सांगू नकोस, मला चित्र दिसतं," ती पलीकडे तोंड करून ओरडली. पुढचा फोटो आला आणि माझं बोट थांबलं.

हात होता तो. मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्या. मनगटात निळ्या मण्यांची माळ, मीच ओवून दिलेली. त्याच्या पुढचा फोटो झालवांगोचा. डावा डोळा सुजून बंद, आणि डोळ्याखालचा गाल खालपर्यंत सोललेला. खाली तारीख होती, तीन महिन्यांपूर्वीची. ओढणी, अंधार, ते कुशीला वळून बसणं, सगळं मला एकदम कळलं. छान आहे गं, जरा रोडावलीय! हे मी सांगितलं होतं, या जिभेने. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

"गप्प का झालीस?" वहिनीने विचारलं.

"कुठे? बोकडच आहे अजून."

माझा आवाज मलाच ओला वाटला. तिला तर वाटणारच, तीस वर्षं ती तेच ऐकत आलीय. ती वळली, माझ्या हातातून फोन घेतला आणि बघितला. मी म्हटलं, "वहिनी, रडू नकोस." ती रडत नव्हती. दोन बोटांनी फोटो मोठा करत होती, दुकानात सालोंगोने दाखवलं होतं तसा, लहान, मोठा, पुन्हा मोठा.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. मग फोन चटईवर पालथा ठेवून म्हणाली, "केविना, माझं खोटं ठरू दे म्हणून मी किती प्रार्थना केली होती. त्याला बोलाव."

लुब्वामा अर्ध्या तासात आला आणि रीतीप्रमाणे अंगणाच्या कडेला पाठ करून बसला. मी निरोप सांगायला उठणार, तोच वहिनी स्वतः चालत गेली आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. बिचारा दचकून उठला, कोटात तोंड लपवत केळीच्या बागेकडे पळणार होता.

"पळू नकोस," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ. हे काय आहे?"

त्याने फोन बघितला आणि खाली बसला. नजर काही वर उचलेना. "आई," तो म्हणाला. सासूबाई नाही, माझ्याकरवी नाही, थेट आई. "मालकिणीने उकळतं तेल फेकलं. झालवांगोने मला शपथ घातली, म्हणाली, आईला कळलं तर ती अन्न सोडेल. मी कंपालात तिला पाठवणाऱ्या एजन्सीच्या ऑफिसात तीनदा जाऊन आलो. ते म्हणतात, मुलीची काही तक्रारच नाही. आम्ही फोन केला तर ती ठीक आहे म्हणते. तिने स्वतःच्या तोंडाने परत यायचंय असं सांगितलं तर ते तिला दोन आठवड्यांत परत आणायला बांधील आहेत. आणि ती सांगत नाही. कराराचे चार महिने उरलेत, अर्धं घर टाकून आले तर लोक हसतील, एवढंच म्हणते. मी रोज पाया पडतो तिच्या. माझं ऐकत नाही ती."

"आणि मला चांगला फोन का निवडून दिलास? लपवायचंच होतं ना?"

"तुम्हाला दिसावं म्हणून," तो म्हणाला. "मी शपथ मोडू शकत नव्हतो. ती तोंड झाकते, पण किती दिवस झाकेल? तुम्ही शोधून काढाल असं वाटलं." फोटो उतरल्याचं मात्र त्याला ठाऊक नव्हतं. तो ते बघून माझ्याइतकाच हादरला होता.

तीन महिने आम्ही ज्याच्या नावाने बोटं मोडत होतो, तो हा. मला त्याची कीव आली आणि आमची लाज वाटली. वहिनी चटईवर जाऊन बसली आणि शेजारी हाताने थोपटलं. "ये. इथे बस."

"आई, ओबुको..."

"लागू दे. बस."

तो बसला, अंग चोरून, चटईच्या काठावर. तिने त्याच्या कोटाची बाही धरून त्याला जवळ ओढलं, दोघांची तोंडं चौकटीत येतील इतकं. मी समोर फोन धरला आणि लावला.

बराच वेळ वाजत राहिला. मग झालवांगो दिसली, कसल्याशा कोठीत, तीच ओढणी, तोच एकच गाल उजेडात. "आई! फोन घेतलास? किती छान दिस..."

आणि ती थांबली. आधी आईकडे बघितलं. मग आईच्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या नवऱ्याकडे. आमच्यातल्या कुणीही तोंड उघडलं नव्हतं. चटईवर शेजारीशेजारी बसलेली ती दोघं तिने नुसती बघितली, एकदा, दोनदा, आणि तिचं हसू जागच्या जागी सुकलं. मग तिने हात वर केला आणि डाव्या गालावरची ओढणी स्वतःच बाजूला केली.

वहिनीने बाही सोडली नाही.

"आई," झालवांगो म्हणाली, "मला घरी यायचंय."